कळफलक मधूनच का थिजतो? : लिनक्स संगणकावरील एका दोषाचे स्तरशः विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाचे बहुतेक लेखनकार्य आता संगणकावर होते. बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर, शब्दसूचींची जुळणी, उदाहरणवाक्यांचे संकलन ही सारी कामे कळफलकाच्या द्वारे होतात. आणि म्हणून कळफलकाचा दोष हा यंत्रदुरुस्ती करणाराचा विषय आहे, आपला नव्हे, असे म्हणून त्याची वासलात लावता येत नाही. लिनक्स प्रणालीवर काम करणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येणारी एक तक्रार अशी की, लेखन चालू असता कळफलक मधूनच थिजतो. काही क्षण, कधी काही मिनिटे, कोणतीही कळ दाबली तरी पडद्यावर अक्षर उमटत नाही. आणि मग तो आपोआप पूर्ववत होतो किंवा संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

या तक्रारीवरील रूढ उपाय म्हणजे संगणक पुन्हा सुरू करणे. त्याने काम पुढे चालते हे खरे; परंतु दोषाच्या क्षणी यंत्राची जी अवस्था होती ती त्या कृतीने पुसली जाते, आणि कारणशोधाला आवश्यक असलेला पुरावाच नाहीसा होतो. चार दिवसांनी दोष पुन्हा उद्भवतो आणि आपण पूर्वी होतो तेथेच राहतो.

या दोषाची दुसरी बाजू अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. कळफलक पूर्णपणे थिजला तर ते ध्यानात तरी येते. परंतु एखादीच कळ गळाली तर लिहिणाराचे तिकडे लक्ष जाईलच असे नाही. रोमन कळांनी देवनागरी उमटविण्याच्या आयट्रान्स पद्धतीत ‘आ’ या स्वरासाठी ‘ए’ ही कळ लागोपाठ दोनदा दाबण्याची रीत आहे. त्यांतील एक दाब गळाला की ‘वार’ या शब्दाच्या जागी ‘वर’ हा शब्द उमटतो. तोही शुद्ध मराठी शब्दच असल्याने शुद्धलेखन तपासणारा कार्यक्रम त्यास हटकीत नाही. प्रमाण भाषेतील शब्द असेल तर संदर्भावरून चूक कळते. परंतु अल्पपरिचित बोलीच्या लिप्यंतरात दीर्घ स्वराच्या जागी आलेला ऱ्हस्व स्वर हा बोलीचा विशेष की यंत्राचा दोष, हे नंतर सांगणे दुष्कर होते. म्हणून या दोषाचे कारण कसे शोधावे याची पद्धती येथे मांडण्याचे योजिले आहे.

२. कळीपासून अक्षरापर्यंतचे स्तर

कळ दाबणे आणि अक्षर उमटणे या दोन घटना आपल्याला एकच वाटतात. वस्तुतः त्यांच्यामध्ये किमान सहा स्तर असतात, आणि त्यांचा परिचय करून घेतल्यावाचून पुढील विवेचन समजणार नाही.

पहिला स्तर कळफलकाचा स्वतःचा. कळांखाली तारांच्या आडव्या आणि उभ्या ओळींचे जाळे असते. एक लहानसा नियंत्रक त्या ओळी सतत तपाशीत असतो व कोणता छेदबिंदू जुळला यावरून कळ ओळखतो. दुसरा स्तर वहनमार्गाचा. बाहेरून जोडलेला कळफलक बहुधा यूएसबी मार्गाने बोलतो, आणि येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, तो आपण होऊन बोलत नाही. संगणकच त्याला दर काही मिलिसेकंदांनी ‘काही सांगावयाचे आहे काय’ असे विचारीत असतो. मांडीवरील संगणकाच्या अंगचा कळफलक पुष्कळदा ‘आय-८०४२’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या नियंत्रकाच्या रीतीने जोडलेला असतो. ही रीत १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी या संगणकापासून चालत आलेली आहे.

तिसरा स्तर प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली ज्याचा आरंभ केला तो हाच भाग. कर्नल प्रत्येक दाबाची एक घटना नोंदवितो : वेळ, कळीचा क्रमांक, आणि एक मूल्य. कळ दाबली तर १, सोडली तर ०, आणि दाबून धरल्यामुळे पुनरावृत्ती होत असेल तर २. कर्नलला ‘क’ हे अक्षर ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो केवळ कळीचा क्रमांक.

चौथा स्तर डिस्प्ले सर्व्हरचा. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यासंस्थेत निर्माण झालेली एक्स विंडो पद्धती, किंवा २००८ पासून तिला पर्याय म्हणून विकसित होत गेलेली वेलँड पद्धती, ही कर्नलकडून आलेली घटना कोणत्या खिडकीस द्यावयाची ते ठरविते. कळीच्या क्रमांकाला मांडणीच्या तक्त्यानुसार अक्षराचा अर्थही येथूनच पुढे प्राप्त होतो. पाचवा स्तर निवेशपद्धतीचा, म्हणजे आयबससारख्या सेवेचा : अनेक कळांचा समूह घेऊन त्यापासून एक अक्षर वा जोडाक्षर सिद्ध करणे हे तिचे कार्य. इंग्रजी लिहिणाराला या स्तराची जाणीवही नसते, पण देवनागरी लिहिणाराचा प्रत्येक दाब बहुधा या चाळणीतून जातो. सहावा व शेवटचा स्तर म्हणजे ज्यात आपण लिहितो तो कार्यक्रम.

पडद्यावर अक्षर दिसले नाही याचा अर्थ ते उत्पन्नच झाले नाही असा होत नाही. व्याकरणात लोप झालेला प्रत्यय दिसत नसला तरी प्रक्रियेत कोठेतरी तो होता असे आपण मानतो, आणि तो कोणत्या टप्प्यावर लोपला हे शोधतो. येथेही विचारावयाचा प्रश्न तोच : दाब कोणत्या स्तरापर्यंत पोहोचला आणि कोठून पुढे गेला नाही?

३. थिजण्याच्या क्षणी विचारावयाचे प्रश्न

दोष उद्भवताच संगणक बंद करण्याचा मोह आवरून पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर टिपून ठेवावीत. याला एक मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

(अ) अक्षरे उशिरा आली की आलीच नाहीत? थिजलेल्या अवस्थेत एखादा ठरावीक शब्द टंकित करावा आणि वाट पाहावी. कळफलक पूर्ववत झाल्यावर तो शब्द एकदम उमटला, तर दाब खालच्या स्तरांतून सुखरूप वर आले होते, फक्त वरच्या एखाद्या स्तरावर खोळंबले, असे समजावे. शब्द मुळीच उमटला नाही, तर दाब खालीच हरवले, किंवा मध्ये कोणीतरी ते जाणूनबुजून गाळले. या एका प्रश्नाने अर्धे क्षेत्र बाजूस पडते.

(आ) माउसचा बाण हलतो काय? हलत नसेल तर दोष केवळ कळफलकाचा नव्हे. संपूर्ण यंत्रणाच खोळंबली आहे.

(इ) ‘कॅप्स लॉक’चा दिवा लागतो काय? हा दिवा कळफलक स्वतः लावीत नाही. कळ दाबल्याची वार्ता वर जाते आणि दिवा लावण्याची आज्ञा सामान्यतः डिस्प्ले सर्व्हरकडून खाली येते. म्हणून दिवा लागला तर पहिले चार स्तर जिवंत आहेत असे म्हणता येते. ही कळ प्रथम क्षणभर दाबून पाहावी, आणि नंतर दोन सेकंद दाबून धरून पाहावी. या भेदाचे प्रयोजन पुढे सांगितले आहे.

(ई) दुसरा कळफलक जोडला तर तो चालतो काय? चालला, तर दोष पहिल्या कळफलकाच्या यंत्रात वा त्याच्या मार्गात आहे. दोन्ही मूक राहिले, तर दोष कर्नलच्या वरच्या बाजूस आहे असा दाट संशय घ्यावा.

४. खालच्या स्तरांतील कारणे

यूएसबी कळफलकाच्या बाबतीत प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे जोडणी. सैल खाचेमुळे वा जीर्ण तारेमुळे कळफलक क्षणभर तुटतो आणि पुन्हा जोडला जातो. ही घटना कर्नल आपल्या नोंदींत लिहून ठेवतो. ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने, किंवा ‘डीमेसेज’ या जुन्या आज्ञेने, त्या नोंदी वाचता येतात. थिजण्याच्या वेळी उपकरण तुटल्याची आणि नव्या क्रमांकाने जोडले गेल्याची नोंद सापडली, तर तार, खाच आणि मधला जोडपेटारा या तिहींपैकी एकेक बदलून पाहावे.

अशी नोंद नसून, काही वेळ लेखन थांबविल्यानंतर पहिलीच कळ किंवा पहिल्या काही कळा गळत असतील, तर वीजबचतीकडे लक्ष द्यावे. यूएसबी उपकरण काही काळ निष्क्रिय राहिले की त्यास झोपविण्याची सोय कर्नलमध्ये आहे. तिची मूळ मर्यादा २ सेकंदांची असते. कर्नल आपण होऊन ही सोय कळफलकास सहसा लावीत नाही. परंतु पॉवरटॉपसारख्या साधनाने सर्व उपकरणांना सरसकट वीजबचत लागू केली, की कळफलकही तीत सापडतो. मग पहिला दाब कळफलकास जागे करण्यातच खर्ची पडू शकतो. त्या उपकरणाच्या ‘पॉवर’ या संचिकेतील नियंत्रक मूल्य ‘ऑटो’वरून ‘ऑन’ केले की केवळ त्यापुरती वीजबचत थांबते. याने दोष गेला तरच ती व्यवस्था कायमची करावी.

बिनतारी कळफलकाची गोष्ट किंचित वेगळी आहे. असे कळफलक पुष्कळदा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, आणि यूएसबी ३.० च्या उपकरणांतून व तारांतून त्याच पट्ट्यात गोंगाट उत्सर्जित होतो, हे इंटेल कंपनीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात दाखविले आहे. बाह्य तबकडीवर ध्वनिमुद्रणांची नक्कल चालू असतानाच कळा गळत असतील, तर ग्राहकखुंटी तबकडीपासून दूर, लांब तारेवर बसवून पाहावी.

अंगच्या कळफलकाबाबत नोंदींत ‘आय-८०४२’ किंवा ‘एटीकेबीडी’ या नावांचे इशारे वारंवार आढळले, तर संशय नियंत्रकाकडे वळतो. अशा वेळी यंत्राच्या मूळ आज्ञावलीची सुधारित आवृत्ती बसवावी, आणि मगच कर्नलला आरंभी द्यावयाच्या सूचना एकेक करून पाहाव्यात. अनेक सूचना एकत्र दिल्याने दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही.

५. मध्यस्तर : स्मृतीची टंचाई

अक्षरे उशिरा पण एकदम उमटत असतील आणि माउसही अडखळत असेल, तर कळफलकास दोष देणे अन्यायाचे ठरेल. संगणकाची कार्यस्मृती पुरी पडेनाशी झाली, की प्रणाली तिच्यातील मजकूर तबकडीवर हलवू लागते आणि परत आणू लागते. या येरझाऱ्यांत सर्वच कार्यक्रम खोळंबतात. मोठे ध्वनिमुद्रण विश्लेषणासाठी उघडले असता आणि शेजारी न्याहाळकाची अनेक पाने उघडी असता हा अनुभव विशेष येतो.

याचे मापन करता येते. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० या आवृत्तीपासून कर्नल ‘प्रेशर’ नावाच्या संचिकांतून प्रक्रियक, स्मृती आणि तबकडी या तिहींवरील ताण वेगवेगळा सांगतो : गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत कामे किती टक्के वेळ खोळंबून राहिली. थिजण्याच्या सुमारास स्मृतीचा आकडा चढलेला दिसला, तर निदान झालेच. तसेच, घटनांची प्रक्रिया मागे पडत असून यंत्र फार मंद आहे, अशा आशयाची तक्रार ‘लिबइनपुट’ हा घटक नोंदींत करतो, तीही या निदानास पोषक होय.

६. वरच्या स्तरांतील कारणे

येथे अशी तीन कारणे दिली आहेत की ज्यांत वस्तुतः कोणतेच यंत्र बिघडलेले नसते.

पहिले कारण सुलभतेच्या सोयींचे. ज्यांचा हात कापतो अशा व्यक्तींसाठी ‘स्लो कीज’ नावाची सोय असते. ती लागू झाली की ठरावीक काळाहून कमी वेळ दाबलेली कळ गाळली जाते. ‘बाउन्स कीज’ ही सोय तीच कळ त्वरेने दुसऱ्यांदा दाबल्यास दुसरा दाब गाळते. कळफलकावरूनच या सोयी चालू करण्याची मुभा दिलेली असेल, तर शिफ्ट कळ ८ सेकंद दाबून धरताच ‘स्लो कीज’ लागू होते. विचार करीत असता बोट त्या कळीवर विसावले, तर लेखकाच्या नकळत हे घडते. ‘कॅप्स लॉक’ क्षणभर दाबून दिवा लागत नाही, पण दाबून धरल्यावर लागतो, असे आढळल्यास कारण हेच समजावे. ‘बाउन्स कीज’चा धोका अधिक सूक्ष्म आहे : ‘वार’चा ‘वर’ करणारी ती हीच सोय, आणि तिने कळफलक थिजल्यासारखाही वाटत नाही.

दुसरे कारण निवेशपद्धतीचे. कार्यक्रम प्रत्येक दाब निवेशसेवेकडे पाठवितो आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबू शकतो. सेवा अडली की कार्यक्रमही अडतो. लक्षण असे की, देवनागरी लिहितानाच दोष येतो, रोमन लिहिताना येत नाही. पडताळणीसाठी ती सेवा पूर्णपणे थांबवावी आणि केवळ मांडणीच्या तक्त्यावर चालणारी इन्स्क्रिप्ट मांडणी काही दिवस वापरून पाहावी. तीत बहुतेक कळांना एकेकच वर्णचिन्ह नेमलेले असल्याने रूपांतर करणाऱ्या सेवेची गरज पडत नाही. ‘ज्ञ’सारखे जोडाक्षर ज, हलन्तचिन्ह आणि ञ अशा सुट्या कळांनी लिहावे लागेल, इतकीच अडचण. याने दोष नाहीसा झाला तर पाचवा स्तर निश्चित झाला.

तिसरे कारण केवळ आज्ञापटलावर, म्हणजे टर्मिनलमध्ये, दिसते. तेथे कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या गेल्या की पटल मूक होते. दूरमुद्रकाच्या काळापासून चालत आलेला हा संकेत आहे : आस्की संकेतावलीतील १९ क्रमांकाचे चिन्ह म्हणजे ‘थांबा’ आणि १७ क्रमांकाचे म्हणजे ‘चालू करा’. मजकूर जतन करण्याच्या सवयीने लेखक पहिले चिन्ह पाठवितो आणि कळफलक थिजला असे समजतो. कंट्रोल आणि क्यू दाबताच सारे पूर्ववत होते, मधल्या काळातील अक्षरेही उमटतात. हा संकेत नको असल्यास ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने तो बंद करता येतो.

७. निरीक्षणाची शिस्त

वरील लक्षणांवरून निदान होत नसेल तर दोन स्तरांवर एकाच वेळी निरीक्षक बसवावेत. ‘ईव्हीटेस्ट’ हे साधन कर्नलच्या स्तरावरील घटना दाखविते. एक्स पद्धतीत ‘एक्सईव्ही’ आणि वेलँडमध्ये ‘डब्ल्यूईव्ही’ ही साधने डिस्प्ले सर्व्हरने खिडकीस दिलेल्या घटना दाखवितात. पहिल्याने दाब नोंदविला नाही, तर दोष कर्नलमध्ये वा त्याच्या खाली. पहिल्याने नोंदविला पण दुसऱ्याने नाही, तर दोष डिस्प्ले सर्व्हरमध्ये किंवा त्याच्या गाळण्यांत. दोघांनीही नोंदविला आणि लेखनाच्या कार्यक्रमात अक्षर नाही, तर निवेशसेवा किंवा तो कार्यक्रम. कळफलक थिजल्यावर आज्ञा देता येत नसल्याने ही साधने आधीच चालू ठेवावी लागतात, किंवा दुसऱ्या संगणकावरून एसएसएच मार्गाने प्रवेश करून पाहावे लागते. ‘ईव्हीटेस्ट’ प्रत्येक दाब नोंदवीत असल्याने त्या नोंदींत परवलीचे शब्द आणि निवेदकांची खाजगी माहितीही येते. म्हणून काम होताच त्या नष्ट कराव्यात.

आपण ध्वनिभेद सिद्ध करताना लघुतमभेदी युग्म शोधतो : बाकी सर्व समान आणि एकच घटक भिन्न. येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदलाची तारीख टिपावी.

दोष गेला असे केव्हा म्हणावे याचाही विचार हवा. दोष सरासरी दोन दिवसांतून एकदा यदृच्छेने घडतो असे धरले, तर काहीही न बदलता दोन दिवस सुखाने जाण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के असते. म्हणजे दोन दिवसांच्या शांततेवरून उपाय लागू पडला असे म्हणणे धाडसाचे होय. तिप्पट काळ, म्हणजे सहा दिवस, दोष आला नाही तर ही संभाव्यता सुमारे ५ टक्क्यांवर येते. या प्रकारच्या दोषावर सुचविल्या जाणाऱ्या कित्येक उपायांची ख्याती या घाईतून निर्माण झालेली असते.

दोषाच्या क्षणी इतर सर्व मार्ग खुंटले, तर ‘सिसआरक्यू’ या कळीचा उपयोग होतो. ऑल्ट, ही कळ आणि एखादे अक्षर यांच्या संयोगाने दिलेली आज्ञा थेट कर्नल पाळतो. मात्र प्रत्येक लिनक्स वितरणात तिची मुभा कमीअधिक असते, म्हणून ती आधी पाहून ठेवावी. ‘एस’ या अक्षराने तबकडीवर लिहावयाचे राहिलेले लेखन पूर्ण केले जाते. तथापि कार्यक्रमाने अद्याप जतनच न केलेला मजकूर त्याने वाचत नाही.

८. उपसंहार

कारण सापडून दोष दूर झाला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. दोषाच्या काळात जे लिप्यंतर झाले त्याचे काय, हा प्रश्न उरतो. नोंदींवरून दोषाची पहिली तारीख ठरवावी, त्या तारखेपासूनच्या लिप्यंतराला खूण करावी, आणि ऱ्हस्वदीर्घभेद, अनुस्वार व द्वित्व ही जेथे निष्कर्षाला आधारभूत आहेत तेवढी स्थळे तरी मूळ ध्वनिमुद्रणाशी पुन्हा ताडून पाहावीत. अक्षरे उशिरा उमटण्याचा दोष असेल तर बहुधा इतके करण्याचे कारण पडत नाही. दाब गळण्याचा असेल तर ते अपरिहार्य आहे. अक्षर उशिरा आले की आलेच नाही, हा प्रश्न आरंभी विचारावयाचा तो याहीसाठी.